जोत्यापासून किती

शिरगुप्पे इंजिनियरनी पहिला प्रश्न विचारला
तो खोलीचा नव्हता.
"मागच्या वेळी कुठवर आलं होतं?"
मी कपाट सरकवून दाखवलं.
चहाच्या कपात राहतो तसा वळ,
माझ्या खांद्याच्या जरा वर.
त्यानंतर दोनदा रंग दिला घराला, तेवढी पट्टी सोडून.
रंगारी म्हणाला, वाईट दिसतंय.
म्हटलं, दिसू दे.

पद्माक्का मिरजेहून कायमची येणार होती.
बत्तीस वर्षांच्या रात्रपाळ्या संपवून,
एक ट्रंक, एक शिलाई मशीन
आणि वहीच्या पानावर स्वतः काढलेला नकाशा घेऊन.
खोली दहा बाय बारा. ओटा उभ्याचा.
मोरीचं दार बाहेर उघडणारं:
"आत माणूस पडलं की ढकलता येत नाही रे. बघितलंय मी."
मीटर वेगळा.
जिना बाहेरून.

जिन्यावर अडलं.
मी म्हटलं, घर एक तर दार एक.
लोक विचारतील, बहीण आहे का भाडेकरू?
त्रिशला गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"आतला जिना आधी बुडतो."
पुढं मी त्या विषयावर बोललो नाही.

ऑफिसात साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवली.
कागदावर कृष्णा करंगळीएवढी.
एक रेघ निळी, एक लाल,
आणि आम्ही सांगलीवाडीचे, दोन्हींच्या मधले.
"निळीच्या आत असता तर घमेलंसुद्धा उचलू दिलं नसतं.
खाली भिंत नको. नुसते खांब.
पाणी आलं तर त्याला जाऊ द्यायचं."
मला हे पटलं. अडतीवर हळदीची पोती आम्ही अशीच लावतो,
खाली फळ्या, मधून वारा.

दस्तगीर मिस्त्री खड्ड्यात उतरून माती चोळून बघायचा.
"काळी आहे. उन्हाळ्यात फाटती, पावसात फुगती.
हिच्या शब्दावर जायचं नाही. मुरूम लागेपर्यंत चला."
दीड फुटावर, गाळाच्या थरात,
स्टीलचं एक झाकण निघालं.
धुतलं तर त्रिशलाचं माहेरचं नाव कोरलेलं.
तिनं ते पदराला पुसलं, फळीवर ठेवलं.
डबा अजून असेल कुठंतरी, खाली,
तिच्या नावाशिवाय.

पैसे दोनदा संपले.
एकदा सळईचा भाव चढला म्हणून,
एकदा मीच कठडा नक्षीचा घ्यायला गेलो म्हणून.
तो परत दिला. साधा पाइप लावला.

स्लॅबच्या आदल्या दिवशी अक्का परांचीवरून वर चढली,
साडी खोचून, चष्मा सावरत.
"दस्तगीर, इथं बाहेरच्या अंगाला एक कडी बसव. जाड सळईची."
"झोपाळा बांधणार काय अक्का?"
"होडी."

मिस्त्री हसला नाही.
मला तो दिवस आठवला, आम्ही गच्चीवरून उतरलो तो:
दोन पोरं, अनोळखी, खिडकीचा गज धरून
वाहत्या पाण्यात होडी थांबवून उभी.
आम्ही आमची पिशवी बघत होतो, कागदपत्रं, बिस्किटाचा पुडा.
त्यांचे हात आम्ही बघितलेच नाहीत.
ते अक्कानं बघितले, मिरजेला,
रात्री अकरा वाजता, सोललेल्या चार तळव्यांना पट्ट्या बांधताना.
कुठल्या घरापाशी, हे तिनं विचारलं होतं.
मला हे ती त्या परांचीवर उभी राहून पहिल्यांदा सांगत होती.

आता वर राहती ती.
दिवस मावळायच्या आत जेवण, मग मशीनची खडखड.
माझ्या डोक्यावर कुणी चालतंय याची सवय व्हायला
मला महिना लागला.
कडीला ती पाणी गाळायचं फडकं वाळत घालती.

काल रात्री तिनं वरून हाक मारली,
"आयर्विनला किती?"
मी अंगणातून सांगितलं, "छत्तीस. सावकाश चढतंय."
बरं, म्हणाली.
आणि फडकं काढून आत घेऊन गेली.